नर्सिंग संशोधनात प्रसंगचित्रांद्वारे माहिती संकलन : पहिल्या मसुद्यापासून विश्लेषणापर्यंत

रात्री तीन वाजता वॉर्डमधल्या एखाद्या रुग्णाची प्रकृती किंचित बदललेली दिसते. डॉक्टरांना आत्ताच फोन करायचा की आणखी अर्धा तास लक्ष ठेवायचे, हे परिचारिका कशाच्या आधारे ठरवते? हा प्रश्न अभ्यासायला घेतला की संशोधकापुढे फार थोडे मार्ग उरतात. प्रत्यक्ष निरीक्षण करायचे, तर नेमका तसा प्रसंग कधी घडेल याचा नेम नसतो, आणि घडलाच तर रुग्ण धोक्यात असताना संशोधकाने बाजूला उभे राहून नोंदी घेत बसणे योग्य ठरत नाही. रुग्णाचे कागद तपासायचे, तर त्यांत काय केले ते सापडते. करण्याआधी मनात कोणती जुळवाजुळव झाली, ते सापडत नाही. ‘अशा वेळी तुम्ही काय करता?’ असे सरळ विचारले, तर पाठ्यपुस्तकातले उत्तर हाती पडते. अशा ठिकाणी व्हिनेट, म्हणजेच प्रसंगचित्र, उपयोगी पडते. प्रसंगचित्र म्हणजे विचारपूर्वक रचलेले, काल्पनिक पण विश्वसनीय वाटणारे एखाद्या प्रसंगाचे छोटे वर्णन. ते वाचून किंवा पाहून सहभागी व्यक्ती आपला निर्णय, मत किंवा प्रतिक्रिया देते, आणि ती प्रतिक्रिया हीच आपली माहिती असते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचे प्राथमिक आराखडे, वाचताना एक चूक वारंवार दिसते. प्रसंगचित्र ही एक हृद्य गोष्ट आहे असे समजून ते लिहिले जाते. ते मोजण्याचे साधन आहे आणि त्यातला प्रत्येक शब्द मोजमापावर परिणाम करतो, ही गोष्ट एकदा मनात पक्की झाली की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचे कारण आपोआप समजते.

आपल्या प्रश्नाला हे साधन लागू पडते का?

सर्वांत आधी संशोधन प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा आणि त्यातले क्रियापद तपासावे. ‘ठरवतात’, ‘मानतात’, ‘ओळखतात’, ‘प्राधान्य देतात’ अशी क्रियापदे असतील तर प्रसंगचित्र योग्य ठरते. ‘करतात’ असे क्रियापद असेल तर थांबून विचार करावा. परिचारिका हात किती वेळा स्वच्छ करतात हे प्रसंगचित्रावरून कळणार नाही, कारण तिथे जवळजवळ सगळेच योग्य उत्तर देतील. त्यासाठी निरीक्षणच हवे. हात स्वच्छ करायचे राहून गेलेल्या वरिष्ठ सहकाऱ्याला टोकावे की नाही, हे परिचारिका कसे ठरवतात हा प्रश्न मात्र प्रसंगचित्राचाच आहे.

याचा अर्थ प्रसंगचित्रातील उत्तरांचा वर्तनाशी काहीच संबंध नसतो असा नाही. पीबॉडी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरांच्या सेवेचा दर्जा तीन प्रकारे मोजला होता : प्रशिक्षित नकली रुग्ण पाठवून, लेखी प्रसंगचित्रे देऊन आणि केसपेपर तपासून. नकली रुग्णांना प्रमाण मानले, तर प्रसंगचित्रांचे निकाल केसपेपरच्या निकालांपेक्षा त्या प्रमाणाच्या अधिक जवळ आले. तो अभ्यास डॉक्टरांवर होता, परिचारिकांवर नव्हता, आणि विशिष्ट आजारांपुरता होता. म्हणून त्याचा आधार घेताना तेवढीच मर्यादा पाळावी.

एका जुन्या उदाहरणातून काय शिकावे

प्रसंगचित्र किती काटकसरीने लिहिता येते हे पाहायचे असेल, तर फेरेल आणि मॅककॅफरी यांनी १९८७ मध्ये तयार केलेल्या वेदनाविषयक ज्ञान व दृष्टिकोन प्रश्नावलीचा शेवटचा भाग अभ्यासावा. त्यात दोन रुग्ण आहेत. दोघेही २५ वर्षांचे, दोघांच्याही पोटावरील शस्त्रक्रियेनंतरचा पहिला दिवस, दोघांचाही रक्तदाब १२०/८०, नाडी ८०, श्वसन १८, आणि ० ते १० या मापावर दोघेही आपली वेदना ८ असल्याचे सांगतात. फरक एवढाच, की एक रुग्ण परिचारिकेकडे पाहून हसतो आणि भेटायला आलेल्या माणसाशी गप्पा व विनोद करत राहतो. दुसरा शांत पडून असतो आणि कूस बदलताना त्याचा चेहरा वेदनेने आक्रसतो. दोघांच्या वेदनेची नोंद किती कराल आणि औषधाची मात्रा किती द्याल, असे विचारलेले आहे.

‘रुग्ण स्वतः सांगतो ती वेदना खरी मानावी का?’ असे विचारले असते तर बहुतेकांनी होकार दिला असता. इथे तो प्रश्न विचारलेलाच नाही. हसणाऱ्या रुग्णाच्या नावापुढे कमी आकडा लिहिला गेला, की परिचारिकेने रुग्णाच्या शब्दापेक्षा त्याच्या चेहऱ्यावर अधिक विश्वास ठेवला हे उघड होते. हे शक्य झाले, कारण बाकी सगळे समान ठेवून एकच गोष्ट बदलली आहे. दुसऱ्या रुग्णाचे वय ७० केले असते किंवा त्याची नाडी ११० लिहिली असती, तर उत्तरांतला फरक कशामुळे पडला हे कोणालाही सांगता आले नसते.

काय स्थिर ठेवायचे, काय बदलायचे

लेखनाला बसण्यापूर्वी एक साधा तक्ता करावा. डाव्या बाजूला स्थिर राहणाऱ्या गोष्टी, उजव्या बाजूला बदलणाऱ्या. बदलणाऱ्या प्रत्येक गोष्टीपुढे ती का निवडली याचे कारण असावे, आणि ते कारण पूर्वीच्या संशोधनातून, सिद्धांतातून किंवा वॉर्डमधील परिचारिकांशी झालेल्या प्राथमिक चर्चेतून आलेले असावे. केवळ रंजक वाटली म्हणून एखादी गोष्ट बदलू नये.

अनेक घटक पद्धतशीरपणे बदलून प्रसंगचित्रांचे सगळे संयोग तयार करण्याची पद्धत समाजशास्त्रज्ञ पीटर रॉसी यांनी विकसित केली. तिला घटकीय सर्वेक्षण म्हणता येईल. समजा, डॉक्टरांना फोन करण्याच्या निर्णयावर तीन घटकांचा परिणाम तपासायचा आहे : त्या पाळीतील रुग्णसंख्या ८ किंवा १६, त्याच रात्री आधी केलेल्या फोनला डॉक्टरांचा प्रतिसाद शांत किंवा रागाचा, आणि नातेवाइकांनी काळजी व्यक्त केली किंवा केली नाही. प्रत्येकाच्या दोन पातळ्या धरल्या, तर २ × २ × २ म्हणजे ८ प्रसंगचित्रे होतात. चौथा घटक तीन पातळ्यांचा घेतला की संख्या लगेच २४ वर जाते. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने तीन घटकांवर थांबावे असे माझे स्पष्ट मत आहे. दमलेल्या परिचारिकेने घाईने भरलेल्या २४ उत्तरांपेक्षा विचारपूर्वक दिलेली ४ उत्तरे अधिक मोलाची असतात.

आठही प्रसंगचित्रे एकाच व्यक्तीला दिली तर तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत काय बदलते आहे हे तिच्या लक्षात येते आणि ती आपला हेतू ओळखून उत्तरे देऊ लागते. म्हणून आठांचे चार-चारचे दोन संच करावेत आणि कोणाला कोणता संच मिळेल हे चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाद्वारे यादृच्छिकपणे ठरवावे. संच पाडताना प्रत्येक घटकाची प्रत्येक पातळी दोन्ही संचांत समान वेळा येईल याची काळजी घ्यावी. संचातील क्रमही प्रत्येकासाठी बदलावा, कारण पहिले प्रसंगचित्र पुढच्यांसाठी नकळत मोजपट्टी ठरते.

प्रत्यक्ष लेखन : एक प्रसंगचित्र घडताना

प्रसंगाचा कच्चा माल खऱ्या कामातून यावा. अनुभवी परिचारिकांशी बोलून, त्यांनी सांगितलेल्या घटनांतला समान सांगाडा काढावा. कोणत्याही एका रुग्णाची हकिकत जशीच्या तशी वापरू नये. नंतर लांबी ठरवावी. प्रश्नावलीत घालायचे असेल तर १०० ते १५० शब्द बहुधा पुरतात. मुलाखतीत वापरायचे असेल तर थोडे अधिक चालते.

वर सांगितलेल्या अभ्यासासाठी पहिला मसुदा असा होऊ शकेल : ‘तुम्ही रात्रपाळीत आहात. तुमच्याकडे १६ रुग्ण आहेत. पोटावरील शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या रात्री, तीन वाजता, ६२ वर्षांच्या एका रुग्णाची तपासणी करताना श्वसन २२, ऑक्सिजन सॅच्युरेशन ऑक्सिजन न लावता ९४ टक्के, रक्तदाब ११२/७०, नाडी ९६ आणि तापमान ३७.६ अंश सेल्सिअस आढळते. रुग्ण जागा आहे आणि प्रश्नांची नीट उत्तरे देतो. त्याचा मुलगा म्हणतो, “बाबा आज नेहमीसारखे वाटत नाहीत.” बारा वाजता दुसऱ्या एका रुग्णासाठी तुम्ही डॉक्टरांना फोन केला होता, तेव्हा ते रागावले होते.’

यातले आकडे सहज सुचले म्हणून लिहिलेले नाहीत. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या सुधारित पूर्वसूचना गुणांकानुसार (श्वसन, नाडी अशा नोंदींना गुण देऊन प्रकृती बिघडण्याचा धोका ओळखण्याची पद्धत) इथे श्वसनाला २, सॅच्युरेशनला १ आणि नाडीला १ असे एकूण ४ गुण होतात. त्या पद्धतीत एकूण ५ गुण झाले की तातडीचे मूल्यांकन अपेक्षित असते. म्हणजे हा रुग्ण उंबरठ्याच्या अगदी अलीकडे उभा आहे, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे. श्वसन ३० आणि सॅच्युरेशन ८८ लिहिले असते, तर प्रत्येकीने फोन केला असता. सगळे आकडे सामान्य लिहिले असते, तर कोणीच केला नसता. दोन्हीकडे उत्तरांत फरकच उरला नसता, आणि फरक नसेल तर विश्लेषण कशाचे करणार? निर्णय दोन्ही बाजूंना झुकू शकेल अशा धूसर पट्ट्यात प्रसंग बसवणे हे या लेखनातले सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

आता याच मसुद्यातला दोष पाहा. मुलाचे वाक्य निरुपद्रवी वाटते. पण ‘नेहमीसारखे वाटत नाहीत’ याचा अर्थ काही परिचारिका ‘मलूल दिसतात’ असा घेतील, तर काही ‘असंबद्ध बोलताहेत’ असा. नव्याने आलेल्या गोंधळलेपणाला त्या गुणांकात ३ गुण आहेत. तो धरला तर बेरीज ७ होते आणि रुग्ण थेट आपत्कालीन प्रतिसादाच्या गटात जातो. म्हणजे आपण नातेवाइकांच्या काळजीचा परिणाम मोजायला निघालो आणि नकळत रुग्णाची प्रकृतीच बदलून बसलो. हे वाक्य ‘मला बाबांची फार काळजी वाटते, डॉक्टरांना बोलवा ना’ असे केले, की काळजी राहते आणि नवे लक्षण शिरत नाही. अशा एकेका वाक्यावर अर्धा तास घालवावा लागला तरी तो वाया जात नाही.

‘ते रागावले होते’ हेही तपासण्यासारखे आहे. राग हा संशोधकाने लावलेला अर्थ झाला. ‘“एवढ्यासाठी उठवलंत?” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला’ असे लिहिले, तर अर्थ लावण्याचे काम वाचणारीकडे राहते आणि प्रसंगही जिवंत होतो. ‘गंभीर’, ‘बेजबाबदार’, ‘दुर्दैवाने’ असे निवाडा देणारे शब्द सरसकट काढून टाकावेत. रुग्णाला नाव देताना विशेष जपावे. नावावरून लिंग, वय आणि समाज यांचा अंदाज बांधला जातो, आणि त्या अंदाजाचा उत्तरावर परिणाम होतो. तोच अभ्यासविषय नसेल तर ‘खाट क्रमांक ७ वरील रुग्ण’ एवढे पुरते.

प्रश्न कसा विचारावा

एकाच प्रसंगचित्राखाली तीन वेगळे प्रश्न विचारता येतात आणि त्यांची उत्तरे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. ‘तुम्ही काय कराल?’ यातून हेतू कळतो. ‘काय करायला हवे?’ यातून नियम कळतो. ‘तुमच्यासारख्या बहुतेक परिचारिका काय करतील?’ यातून कामाच्या जागेची रीत कळते, आणि स्वतःबद्दल कबूल करायला अवघड जाणाऱ्या गोष्टीही या प्रश्नाच्या आडून बाहेर येतात. मात्र तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे त्या व्यक्तीचेच वर्तन आहे असे गृहीत धरणे चूक आहे. कोणता प्रश्न का विचारला हे प्रबंधात लिहावे. पहिल्या दोन प्रश्नांच्या उत्तरांतले अंतर हाच कित्येकदा सर्वांत बोलका निष्कर्ष असतो.

उत्तरासाठी ‘फोन करण्याची शक्यता ० ते १०’ असे माप दिले, तर ‘होय/नाही’पेक्षा बारीक फरक टिपता येतात. जोडीला ‘हा निर्णय घेताना कोणत्या गोष्टीला सर्वाधिक महत्त्व दिले?’ असा एक मुक्त प्रश्न अवश्य ठेवावा. शेवटच्या प्रसंगचित्रानंतर ‘तुमच्याकडे किती रुग्ण होते?’ असे विचारून आपण बदललेला घटक वाचणारीच्या लक्षात तरी आला होता का, हेही पडताळावे.

मुलाखतीत वापरताना

गुणात्मक अभ्यासात प्रसंगचित्र टप्प्याटप्प्याने उलगडणे फार परिणामकारक ठरते. समजा, विषय औषधाच्या चुकीची नोंद करण्याबद्दलचा आहे. पहिल्या टप्प्यात एका परिचारिकेच्या लक्षात येते, की सहकारी परिचारिकेने औषधाची मात्रा दुप्पट दिली आहे आणि रुग्णाला काही झालेले नाही. इथे थांबून विचारायचे. दुसऱ्या टप्प्यात ती सहकारी म्हणते, ‘या वेळी सांभाळून घे.’ पुन्हा थांबायचे. तिसऱ्या टप्प्यात दोन तासांनी रुग्णाला चक्कर येते. पहिल्या टप्प्यात ठामपणे दिलेले मत दुसऱ्या टप्प्यात कसे डळमळते, कोणत्या शब्दांत त्याचे समर्थन होते, हे ऐकताना संशोधकाने घाई करू नये. पुढचा टप्पा वाचून दाखवण्यापूर्वी काही क्षणांची शांतता राहू द्यावी. खरे बोलणे त्या शांततेनंतरच सुरू होते.

प्रसंग तृतीय पुरुषात असला की सहभागी सुरक्षित अंतरावरून बोलू लागते आणि पुष्कळदा थोड्या वेळाने स्वतःच ‘आमच्याकडेही एकदा असं झालं होतं’ या वाक्यावर येते. तिने तिथे यावे म्हणून ढकलू नये, आणि आली तर अडवू नये. ‘ते परिस्थितीवर अवलंबून आहे’ असे उत्तर आले तर त्याला टाळाटाळ समजू नये. ‘कशावर अवलंबून?’ असे विचारावे. निर्णयाचे खरे निकष त्या उत्तरात सापडतात.

चित्रफितीची प्रसंगचित्रे अधिक जिवंत असतात. पण त्यांत नटाचा चेहरा, आवाज, खोलीतला प्रकाश असे अनेक अनियंत्रित घटक शिरतात आणि खर्चही वाढतो. रुग्णाचा चेहरा किंवा श्वास पाहणे हाच निर्णयाचा गाभा असेल तरच त्या वाटेला जावे.

तज्ज्ञांकडून तपासणी आणि पायलट स्टडी

तयार मसुदे ५ ते १० तज्ज्ञांना द्यावेत. त्यांत केवळ प्राध्यापक नकोत. त्या प्रकारच्या वॉर्डमध्ये सध्या काम करणाऱ्या परिचारिकाही हव्यात, कारण रात्री तीन वाजता मुलगा वॉर्डमध्ये असेल का, हे त्यांनाच ठाऊक असते. प्रत्येक प्रसंगचित्राला समर्पकतेसाठी १ ते ४ गुण द्यायला सांगावे. ३ किंवा ४ गुण देणाऱ्या तज्ज्ञांचे एकूण तज्ज्ञांशी असलेले प्रमाण म्हणजे आशय वैधता निर्देशांक. तज्ज्ञ ५ किंवा कमी असतील तर तो १.०० असावा, म्हणजे सर्वांचे एकमत हवे. ६ ते १० असतील तर ०.७८ किंवा अधिक स्वीकारार्ह मानला जातो. ‘वास्तव वाटते का?’ हा प्रश्न मात्र समर्पकतेपासून वेगळा विचारावा. प्रसंग समर्पक असूनही खोटा वाटू शकतो.

त्यानंतर मुख्य अभ्यासात नसलेल्या पाच-सहा परिचारिकांना प्रसंगचित्र मोठ्याने वाचत मनात येणारे सगळे बोलायला सांगावे. त्या कोणत्या शब्दाशी अडखळतात, कोणती माहिती नाही म्हणून चिडतात, काय स्वतःच्या मनाने भरून घेतात, हे लिहून घ्यावे. मग पायलट स्टडीत, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीच्या छोट्या चाचणी अभ्यासात, उत्तरांचा प्रसार पाहावा. जवळजवळ सगळी उत्तरे ९ किंवा १० वर गोळा झाली असतील, तर प्रसंग धूसर पट्ट्याबाहेर गेला आहे असे समजून आकड्यांत दुरुस्ती करावी. प्रसंगचित्रे दुसऱ्या भाषेतून घेतली असतील तर भाषांतर, उलट भाषांतर (म्हणजे मराठी मजकूर पुन्हा मूळ भाषेत आणून ताडून पाहणे) आणि पुन्हा हीच तपासणी, यांतले काहीच वगळू नये.

नैतिक बाजू

प्रसंग काल्पनिक असला तरी त्याचा त्रास खरा असू शकतो. मृत्यू, हिंसा, गर्भपात किंवा औषधाची चूक यांवरील प्रसंग वाचताना कोणाच्या मनावरची जुनी जखम उघडी पडू शकते. म्हणून संमतिपत्रात विषयाचे स्वरूप आधी सांगावे, कधीही थांबण्याची मुभा द्यावी आणि समुपदेशन कोठे मिळेल हे लिखित स्वरूपात द्यावे. सहभागीने रुग्णसुरक्षेला धोका असलेली सध्याची एखादी खरी घटना सांगितली तर गोपनीयता कोठे संपते, हेही मुलाखतीआधीच स्पष्ट करावे. संशोधक त्याच वॉर्डची इन्चार्ज असेल तर तिने स्वतः माहिती गोळा करू नये. वरिष्ठांसमोर कोणीही आदर्श उत्तरच देणार.

नमुना आणि विश्लेषण

इथे एक चूक फार महागात पडते. १०० परिचारिकांनी प्रत्येकी ४ प्रसंगचित्रांना उत्तरे दिली तर ४०० नोंदी होतात, पण त्या ४०० स्वतंत्र नोंदी नव्हेत. एकाच व्यक्तीची चार उत्तरे एकमेकांसारखी असतात. समजा, त्यांच्यातील अंतर्गत सहसंबंध ०.३ आहे. मग रचना परिणाम (नोंदी एकमेकींशी संबंधित असल्याने त्यांचे वजन किती पट घटते ते सांगणारा आकडा) १ + (४ − १) × ०.३ म्हणजे १.९ येतो, आणि परिचारिकेचा अनुभव किंवा शिक्षण यांचा परिणाम तपासताना त्या ४०० नोंदींचे वजन सुमारे २१० स्वतंत्र नोंदींएवढेच भरते. प्रसंगचित्रातच बदललेल्या घटकांची गोष्ट वेगळी आहे; तिथे तुलना एकाच व्यक्तीच्या उत्तरांमध्ये होत असल्याने ही रचना उलट फायद्याची ठरते. दोन्ही बाजू नीट हाताळण्यासाठी बहुस्तरीय प्रतिमान, म्हणजे एकात एक असलेले स्तर लक्षात घेणारी संख्याशास्त्रीय पद्धत, वापरावे : खालच्या स्तरावर प्रसंगचित्रे, वरच्या स्तरावर परिचारिका, आणि अनेक वॉर्ड असतील तर तिसऱ्या स्तरावर वॉर्ड. संख्याशास्त्रज्ञाची भेट माहिती गोळा करण्याआधी घ्यावी.

मुक्त उत्तरांना गुण द्यायचे असतील तर निकषपत्रिका आधी तयार करावी, दोन व्यक्तींनी एकमेकींनी दिलेले गुण न पाहता गुण द्यावेत आणि त्यांच्या सहमतीसाठी कॅपा गुणांक (योगायोगाने जुळणारी उत्तरे वगळून सहमती मोजणारा आकडा) काढावा. गुणात्मक उत्तरांचे विश्लेषण करताना कोणते विधान कोणत्या टप्प्यावर आले ही खूण प्रत्येक उताऱ्याला जोडून ठेवावी. ती सुटली तर टप्प्याटप्प्याने केलेल्या मांडणीचा उपयोगच उरत नाही.

निष्कर्ष लिहिताना ‘१६ रुग्ण असताना परिचारिका डॉक्टरांना कमी वेळा फोन करतात’ असे लिहू नये. ‘१६ रुग्णांचा उल्लेख असलेल्या प्रसंगात परिचारिकांनी फोन करण्याची शक्यता कमी नोंदवली’ असे लिहावे. आणि प्रबंधाच्या परिशिष्टात सर्व प्रसंगचित्रांचा मजकूर, बदललेल्या घटकांचा तक्ता आणि उत्तराचे माप शब्दशः जोडावे. मजकूर समोर नसेल तर वाचणाऱ्याला उत्तरांचा अर्थ तपासता येत नाही आणि पुढच्या संशोधकाला तोच अभ्यास दुसऱ्या वॉर्डमध्ये पुन्हा करता येत नाही.